उचंत खाते

माणसाच्या अंगावर चढणाऱ्या गोष्टींत कर्ज, ताप, दारू आणि चरबी या चार प्रमुख. पैकी कर्ज चढलेल्याला पाहून लोक निदान हळहळतात. ताप चढलेल्याच्या उशाशी मोसंबी घेऊन बसतात. दारू चढलेल्यालाही दोन भले गृहस्थ दंडाला धरून जिन्यापर्यंत पोचवतात. चरबी चढलेल्याच्या वाट्याला मात्र यातले काही येत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो सल्ला. आणि सल्ल्याच्या आधी येते ती एक नजर. ही नजर गळ्यापासून निघते, शर्टाच्या चौथ्या बटणापाशी क्षणभर थबकते आणि परत वर येते ती निकालपत्र घेऊनच.

निकाल असा की, आरोपी खातो.

याला थोडी आपली भाषाही जबाबदार आहे. एखाद्याला माज आला की आपण म्हणतो, 'चरबी चढलीय लेकाला!' म्हणजे कोर्ट भरण्याआधीच मराठी भाषेने चरबीला शिक्षा ठोठावून ठेवली आहे. बरे, म्हणून हडकुळा माणूस सुटला म्हणावे, तर त्याला आपण 'पाप्याचे पितर' म्हणतो. तिथेही पाप आहेच! फरक इतकाच, की लठ्ठ माणसाचे पाप त्याचे स्वतःचे असते आणि बारीक माणसाचे पुढल्या पिढीकडून आलेले.

व्याकरण मात्र फार सज्जन आहे. केस गळतात, दात पडतात, दृष्टी अधू होते, पोट सुटते. या चारही वाक्यांत मालकाचा कुठे पत्ता नाही. जो तो अवयव आपला आपण कर्ता आहे. टक्कल पडलेला माणूस 'मी केस गाळले' असे म्हणत नाही आणि त्याला कोणी जाबही विचारत नाही. चष्मा लागलेल्या गृहस्थाला 'काय हो, डोळ्यांवर जरा ताबा ठेवता येत नाही?' असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पोट सुटले की मात्र वाक्यातला कर्ता बदलतो. पोट सुटत नाही. ते मी सोडलेले असते.

तर प्रश्न असा आहे, की माझ्या शरीरात जे जे घडते, ते 'मी' करतो काय? थोर थोर तत्त्वज्ञ या प्रश्नाकडे आत्म्याच्या बाजूने जातात. मी कॉमर्सचा विद्यार्थी असल्यामुळे आत्म्याची माझी ओळख नाही. मला हा प्रश्न पोटाच्या बाजूने भेटला.

त्याचे असे झाले, की दहा महिन्यांत माझ्या 64 किलोंचे 71 किलो झाले. खाण्यात म्हणावी अशी वाढ नव्हती. हे मी म्हणतो म्हणून नव्हे, आमची ही म्हणते, आणि पोळ्या मोजून तीच करते. त्याच सुमारास पोटानेही स्वायत्तता पुकारली. सकाळी ते बंद असे, दुपारी फुगलेले असे आणि रात्री बोलके होई. करपट ढेकर, गुबारा, बद्धकोष्ठ या पाहुण्यांनी घरात मुक्काम ठोकला. मी काही कोणाला सांगायला गेलो नव्हतो. पण पोट ही झाकण्याची वस्तू असली, तरी लपवण्याची नाही.

मग सल्ले सुरू झाले. आमचे हेडकॅशियर म्हणाले, "पाणी उभ्यानं पिता ना? संपलं!" शिपाई म्हणाला, "भाऊ, ह्यो वात हाय. एरंडेल घ्या. पोट तर साफ हुतंच, पन मानूसबी साफ हुतो." काउंटरपलीकडच्या एका खातेदाराने मी मोजत असलेल्या नोटांवरची नजर न काढता सांगितले, "भात सोडा." त्याच्या मागे रांगेत एक मालवणचे गृहस्थ होते. ते उसळून म्हणाले, "भातानं कधी कोणाचं वाईट झालंय? चपाती सोडा!" दोघांचेही ऐकायचे, तर माझ्या ताटात लिंबाची फोड आणि आमटी एवढेच शिल्लक राहत होते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ओवा, सुंठ आणि हिंग यांची पुडी पाठवली आणि जोडीला दृष्टही काढली. त्यांचे एक मला आवडते. त्या कोणत्याही एका शास्त्रावर विसंबून राहत नाहीत. फक्त सासूबाई म्हणाल्या, "बरंच झालं की! जरा अंग धरलं. लग्नात कसे दिसत होतात!"

या सगळ्या सल्ल्यांत मला एक गंमत आढळली. ज्याने जे सोडले होते, तेच त्याच्या मते माझ्या रोगाचे कारण होते. चहा सोडलेल्याला माझ्या पोटात चहा दिसत होता, रात्रीचे जेवण सोडलेल्याला रात्रीचे जेवण. सल्ला म्हणून प्रत्येक जण मला स्वतःचे एकेक पुण्य वाढत होता. आणि पुण्य मिरवायचे, तर समोर एक पापी लागतोच. ती जागा त्या वर्षी मी भरून काढत होतो.

डॉक्टर मात्र पुण्यवान निघाले नाहीत. त्यांनी आधी विचारले, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मला हा प्रश्न नवा होता. त्यांनी सांगितले, की स्टिरॉइडच्या गोळ्यांनी वजन वाढते, मनाच्या आजारावरच्या काही औषधांनी वाढते, इन्शुलिनने आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही वाढते. म्हणजे एक आजार बरा करायला गेलेला माणूस दुसऱ्या आरोपाखाली पकडला जातो! मग त्यांनी झोप विचारली, घोरणे विचारले, दूध पचते का, गहू पचतो का, हे विचारले. थायरॉईड, साखर, यकृत, मूत्रपिंड, सगळ्यांची रीतसर तपासणी झाली. चार दिवसांनी कागद आले. सगळे नॉर्मल.

'नॉर्मल' या शब्दाइतका घातकी शब्द वैद्यकात दुसरा नसेल. काहीतरी निघाले असते, तर मी रोगी ठरलो असतो. काहीच न निघाल्यामुळे मी पुन्हा आरोपी झालो.

आता आमच्या धंद्यातला माणूस अशा वेळी काय करतो? तो जमाखर्च मांडतो. ढोबळ मानाने माणूस दिवसाला 2000 कॅलरी खातो असे धरा. वर्षाची उलाढाल झाली 7 लाख 30 हजारांची. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. याचा अर्थ, वर्षअखेर ज्याचे वजन किलोभरसुद्धा इकडचे तिकडे झाले नाही, त्याच्या शरीराने सव्वासात लाखांवरच्या व्यवहारात साधारण टक्काभराच्या फरकाने टॅली जमवली! तेही लेजर नाही, व्हाउचर नाही, कॅल्क्युलेटर नाही. गणपतीत मोदक होतात, चतुर्थीला उपास होतो, लग्नसराईत जिलब्या होतात आणि हा आतला कारकून मुकाट्याने भूक कमीजास्त करून हिशेब मिळवत राहतो. आम्हाला एवढे जमले असते, तर रोज वेळेवर घरी गेलो असतो.

तेव्हा वजन का वाढते, याहून ते इतकी वर्षे का वाढत नाही, हेच मोठे नवल आहे. आणि हा कारकून 'मी' नव्हे. त्याची नेमणूक मी केलेली नाही, त्याची माझी गाठभेट नाही आणि तो सुट्टीवर गेला तर मला कळवतही नाही.

हा हिशेब मांडायचा उद्योग करणारा मी काही पहिला नाही. इटलीत पादुआच्या विद्यापीठात सँतोरिओ नावाचे एक वैद्य शिकवत असत. त्यांनी एक मोठा तराजू टांगून त्याला खुर्ची अडकवली आणि जवळजवळ तीस वर्षे ते त्या खुर्चीत बसून स्वतःचे वजन करत राहिले. खाल्लेले मोजले, प्यायलेले मोजले आणि सभ्य लेखात लिहिता येत नाही तेही मोजले. 1614 साली त्यांनी आपले पुस्तक काढले. त्यांची तक्रार अस्सल कारकुनाची होती: टॅली होत नाही! आठ पौंड आत गेले, तर डोळ्यांना दिसेल असे तीनच पौंड बाहेर पडते. मग पाच पौंड जातात कुठे? सँतोरिओंनी कोणावर चोरीचा आळ घेतला नाही. त्यांनी त्या फरकाला 'न जाणवणारा घाम' असे नाव देऊन ठेवले. आज आपल्याला ठाऊक आहे, की तो फरक म्हणजे कातडीवाटे आणि श्वासावाटे जाणारी वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. दहा किलो चरबी पुरती जळली, तर त्यातली 8.4 किलो नाकातोंडावाटे हवेत जाते, बाकीचे पाणी होते. सँतोरिओंना हे माहीत नव्हते. पण माहीत नसलेल्या गोष्टीला वेगळी जागा द्यावी, हे त्यांना माहीत होते.

हे फार थोड्यांना माहीत असते. कारण सापडले नाही, की ते स्वभावात आहे असे म्हणायची माणसाला खोड आहे. पोटातल्या अल्सरचेच पाहा. कित्येक वर्षे अल्सर झालेल्या माणसाला सांगत, 'तुम्ही चिंता फार करता', 'तिखट फार खाता', 'चिडू नका.' ऑस्ट्रेलियात पर्थ गावी रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांना अशा रोग्यांच्या जठरात एक जंतू दिसू लागला. ते सांगत होते, की हे काम या जंतूचे आहे. लोकांना पटेना. शेवटी 1984 साली मार्शलसाहेबांनी त्या जंतूंचे मिश्रण स्वतःच पिऊन टाकले. थोड्याच दिवसांत त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या आणि जठराला रीतसर सूज आली. 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज बहुतेक अल्सरांना हा जंतू किंवा दुखण्यावरच्या काही गोळ्या कारण असतात, हे डॉक्टर धरूनच चालतात. पण तोवर ज्यांना 'तुमचा स्वभावच तसा' म्हणून ऐकून घ्यावे लागले, त्यांची माफी मागायला कोणी गेल्याचे ऐकिवात नाही. मला तर वाटते, त्यांतले बरेच जण त्या बोलण्यानेच चिडके झाले असतील.

दुसरे उदाहरण याहून बोचरे आहे. 1997 साली केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन चुलत-मावस नात्यातल्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगी आठ वर्षांची, वजन 86 किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन 29 किलो. ही मुले सतत अन्न मागत. बघणाऱ्याला दुसरे काय वाटणार? हावरी मुले आणि लाडोबा करणारे आईबाप! तपासात निघाले ते असे: चरबीकडून मेंदूला 'आता पुरे' असा निरोप नेणारा लेप्टिन नावाचा एक पदार्थ असतो, एका जनुकातल्या दोषामुळे तो या मुलांच्या अंगात तयारच होत नव्हता. पोट भरल्याची तार त्यांच्या मेंदूला आयुष्यात एकदाही पोचली नव्हती. पुढे मुलीला लेप्टिनची इंजेक्शने सुरू केली, तशी भूक ओसरली आणि वजन उतरू लागले. आता सांगा, ज्याला आपण हावरेपणा म्हणत होतो, तो दुर्गुण इंजेक्शनच्या सुईने कसा काय गेला? दुर्गुण जर बाटलीतल्या औषधाने जात असेल, तर तो दुर्गुण होता काय? आणि याच चालीने माझ्या अंगी असलेला संयम हा सद्गुण, की नुसते चालू स्थितीतले तारखाते?

असा दोष लाखांत एखाद्याला असतो, हे मला कबूल आहे. आणि कोणी म्हणेल, 'हो, पण बाकीचे खातातच की!' हाही मुद्दा खोटा नाही. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1992 साली असा एक अभ्यास छापला. 'आम्ही काही खातच नाही, तरी वजन उतरत नाही' असे म्हणणारी माणसे त्यांनी घेतली आणि त्यांचे खाणे काटेकोर पद्धतीने मोजले. ही माणसे आपले खाणे सरासरी 47 टक्के कमी सांगत होती आणि आपली हालचाल 51 टक्के जास्त. म्हणजे मूठभर चिवडा हा त्यांच्या हिशेबी नुसता चाखलेला असतो आणि कोपऱ्यावरून दूध आणले, की तो व्यायाम असतो. पण यातून माणसे लबाड ठरत नाहीत. माणसे वाईट कारकून ठरतात. आणि लठ्ठ माणूस तेवढा वाईट कारकून असतो, असे मला आमच्या शाखेकडे पाहून वाटत नाही.

आपले जुने वैद्य या बाबतीत समतोल होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ निंदित माणसांची यादी आहे. तीत अति स्थूल आहे आणि अति कृशही आहे. स्थूलपणाची कारणेही दिली आहेत: अति खाणे, गोड-तुपकट खाणे, व्यायाम नसणे, दिवसा झोपणे, चिंता नसणे आणि नित्य आनंदात असणे. (शेवटचे दोन आरोप बँकेच्या माणसावर टिकणार नाहीत.) पण त्याच यादीत शेवटी एक शब्द आहे, 'बीजस्वभाव'. म्हणजे आईबापांकडूनच आलेले. आरोपपत्र लिहिता लिहिता आरोपीच्या सुटकेची एक वाट त्यांनी उघडी ठेवली. हा त्यांचा मोठेपणा.

आता ज्यासाठी हे सगळे पाल्हाळ लावले, ते सांगतो.

मला एक मोठी बहीण आहे. आम्ही तिला ताई म्हणतो. पस्तिशीनंतर ती वाढू लागली. त्याबरोबर तिला थकवा येऊ लागला, पोट साफ होईना, केस गळू लागले आणि मे महिन्यात सगळे घर पंख्याखाली पालथे पडलेले असताना ती पायांवर चादर ओढून बसू लागली. सासरी आणि माहेरी, दोन्हीकडे निदान एकच झाले: 'आळशी झालीय.' ही गोष्ट सात-आठ वर्षे चालली. पंगतीत तिने जिलबीला हात आडवा केला, की बायका म्हणत, 'इथं नको म्हणते. घरी खात असेल.' आणि एखादी घेतली, की म्हणत, 'बघा!' मग तिने पंगतीत बसणेच सोडले. 'मी वाढते, तुम्ही बसा' म्हणायची आणि सगळ्यांच्या मागून स्वयंपाकघरात उभ्यानेच काहीतरी खाऊन घ्यायची. लोकांना वाटे, काय कामसू आहे! ज्यांनी तिला आळशी ठरवले, तेच तिच्या हातचे वाढून घेत होते.

सगळ्यात वाईट म्हणजे, तिचे तिलाच ते पटले होते. लोकांनी एकच गोष्ट सात वर्षे सांगितली, की आपण स्वतःच्या विरुद्ध साक्ष द्यायला लागतो.

पुढे आवाज घोगरा झाला म्हणून ती घशाच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी मानेला हात लावून पाहिला आणि रक्त तपासायला पाठवले. थायरॉईडची ग्रंथी जवळजवळ संपावर गेली होती. संध्याकाळी ताईचा फोन आला. ती ओरडतच होती, "अरे, ऐकलंस का? मला आजार आहे! खराखुरा आजार आहे!" शाळा सोडल्यापासून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. बोर्डात पहिली आल्यासारखी ती आनंदाने रडत होती.

आजार झाल्याचा आनंद व्हावा, म्हणजे त्या माणसाला आपण आधी कुठे नेऊन ठेवले असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

सकाळी उपाशी पोटी एक गोळी सुरू झाली. सहा महिन्यांत थकवा गेला, पोट मार्गी लागले, चादर कपाटात गेली. वजन मात्र चारच किलो उतरले. डॉक्टर म्हणाले, की थायरॉईडच्या वाट्याचे वजन साधारण एवढेच असते आणि त्यातही बरेचसे पाणी आणि मीठ. बाकीचे कशाने, ते सांगता येत नाही. झाले! नातेवाईक पुन्हा कामाला लागले. 'आता तर गोळी चालू आहे ना? मग?'

एकदा ताईने मला शांतपणे विचारले, "चार किलो आजाराचे. बाकीचं वजन माझं पाप आहे का रे?"

बी. कॉम. माणसाला एवढा कठीण प्रश्न कोणी विचारू नये. पण उत्तर मला आमच्या बँकेतच सापडले. आमच्याकडे एक खाते असते. इंग्रजीत त्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. जुने मराठी मुनीम त्याला 'उचंत खाते' म्हणत. दिवसअखेर हिशेब जुळत नाही. फरकाला नऊने भाग जातो का ते पाहतात, कारण जात असेल तर कोणीतरी 54चे 45 लिहिलेले असण्याचा संभव असतो. तरीही सापडत नाही. रात्र होते. अशा वेळी 'त्या कोपऱ्यातल्या बाईंनी घेतले असतील, त्यांच्याकडे बघून तसे वाटते' असे कोणी लिहीत नाही. ती रक्कम तारीख घालून उचंत खात्यात टाकतात आणि सगळे जण घरी जाऊन जेवतात. कॅश जास्त निघाली, तरीही हाच न्याय असतो. तिचाही धनी सापडायचा असतो.

मी ताईला म्हटले, "बाकीचं उचंत खात्यात टाक. व्हाउचर मिळेपर्यंत ते कोणाच्याच नावावर नाही. तुझ्या तर नाहीच नाही."

तिला ते पटले. मात्र ती माझी मोठी बहीण आहे; तिने लगेच विचारले, "आणि मग काय, तिथं तसंच पडून राहू द्यायचं?"

नाही. उचंत खात्याचा दुसरा नियम तोच आहे. तिथली नोंद कुजू द्यायची नसते. ऑडिटर पहिल्यांदा तीच उघडतो. दोष देऊ नये, याचा अर्थ शोध घेऊ नये असा नव्हे. आठवड्याभरात तीन किलो वाढून पायावर सूज आली, शौचावाटे रक्त गेले, पन्नाशीच्या बाईचे पोट रोजच फुगायला लागले, तर विनोदी लेख वाचत बसू नये. उठावे आणि डॉक्टरकडे जावे. तसले काही नसेल, तर चालावे, वेळेवर झोपावे, साखर बेताने खावी. पण ते प्रायश्चित्त म्हणून नव्हे. माझ्या आधीच्या कारकुनाने केलेला घोळ माझ्या टेबलावर आला, की तो मी केलेला नसतो, पण निस्तरायचा मलाच असतो. मी तो निस्तरतो. आरशासमोर उभे राहून स्वतःच्या थोबाडीत मारून घेत नाही. दोष आणि जबाबदारी ही दोन खाती वेगळी आहेत. घराघरांत ती एकत्र केलेली असतात, आणि मग एकही खाते जुळत नाही.

आणि जमेच्या बाजूचेही एक ऑडिट व्हायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे छापली. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा जो बीएमआय नावाचा आकडा असतो, तो दोघांचाही 22.3, अगदी बरोबरीचा. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! आपल्याकडची दिसायला सडसडीत माणसे आतून अशी गुपचूप श्रीमंत असतात आणि मधुमेह त्यांनाही सोडत नाही. म्हणजे 'मी कसा काटक' म्हणून जो माणूस इतरांना सल्ले देत हिंडतो, त्याच्या नावावर जमा असलेल्या पुण्यालाही व्हाउचर नसते.

ताई आता पंगतीत बसते. जिलबी कधी घेते, कधी घेत नाही. माझे सात किलो अजून उचंत खात्यातच आहेत. दर महिन्याला मी ती नोंद उघडून पाहतो. शोध चालू आहे, एवढेच आज सांगता येते. आणि वाचकांपैकी कोणाला उद्या एखाद्या लग्नात वाढायला उभे राहायची वेळ आली, तर एवढेच करावे: ताटाकडे बघून वाढावे, पोटाकडे बघून नव्हे.